पेठेचा फुटबॉल आणि आमच्या लेकी

दिवाळीचा फराळ संपतो, पोरांनी केलेले मातीचे किल्ले मोडले जातात आणि आमच्या कोल्हापूरच्या जुन्या पेठांमधून एकच प्रश्न ऐकू यायला लागतो, "आज कुणाची मॅच हाय?" दूधवाला विचारतो, भाजीवाली मावशी विचारते, दवाखान्यात नंबर लावून बसलेले आजोबाही शेजारच्याला विचारतात. ज्यांना कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, तांबडा-पांढरा रस्सा आणि चपला एवढंच माहीत आहे, त्यांना नवल वाटेल. पण मैत्रिणींनो, तुमच्या गावात क्रिकेटचं जे वेड असेल ना, ते आमच्याकडे फुटबॉलचं आहे. तेही घराघरातलं.

मी लग्न होऊन या पेठेत आले, तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या सासूबाईंना मात्र ऑफसाइड कळायचं! पोळ्या लाटता लाटता त्या रेडिओवरच्या गाण्यांपेक्षा रस्त्यावरच्या आरोळ्यांकडे जास्त कान देऊन असायच्या. आरोळीच्या सुरावरून सांगायच्या, "आपला गोल झाला" किंवा "गेली मॅच." चार लेकरांची आई, सातवी शिकलेली बाई, पण पेठेच्या संघातला कोण डाव्या पायाचा आणि कोण उजव्या, हे त्यांना तोंडपाठ होतं.

हे वेड आलं कुठून? त्याचं उत्तर तालमीत आहे. कोल्हापूर मूळचं कुस्तीचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं. पेठेपेठेत तालमी होत्याच. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे, ते पेठेचं दुसरं घर. तिथंच गणपती बसतो, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, तिथंच भांडणं मिटतात आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तिथलीच पोरं धावून येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तालमींची हीच पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली सगळ्यांनी पाहिली.

संस्थानच्या काळात राजघराण्याच्या प्रोत्साहनानं इथं फुटबॉल रुजला आणि तो या तालमींनीच उचलून धरला. म्हणून आमच्या संघांची नावं ऐकून बाहेरची माणसं चकित होतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडीचा संघ... ही नावं कुठल्या कंपनीची नाहीत की कुठल्या धनिकाची नाहीत. ती गल्लीची, पेठेची, देवळाची नावं आहेत. एखाद्या मुलाला "तू कुणाचा?" असं विचारलं, तर तो आधी तालमीचं नाव सांगतो, मग वडिलांचं!

ही सगळी मंडळी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'केएसए'च्या छत्राखाली साखळी स्पर्धा खेळतात. सामने होतात ते छत्रपती शाहू स्टेडियमवर. वरिष्ठ गटात सोळा संघ. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. खालच्या गटातल्या संघांना वर यायची आस आणि वरच्यांना घसरायची भीती. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा कोण कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला याच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत लग्नाच्या बातम्यांपेक्षा मोठ्या छापून येतात. साखळी संपली की उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या चषकांच्या स्पर्धा. फुटबॉलचा विश्वचषक असला तर विचारूच नका. २०२२ साली कतारमध्ये स्पर्धा चालू होती आणि आमच्या चौकाचौकांत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे भलेमोठे कटआउट उभे होते. अर्जेंटिना जिंकली त्या १८ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे दुसऱ्यांदा दिवाळी झाली.

गेल्या पंचवीस वर्षांत हा खेळ माझ्या डोळ्यांसमोर वाढला. पूर्वी एकाचे बूट दुसरा घालायचा. वर्गणी काढून चेंडू आणायचा, फाटला की चांभाराकडून शिवून घ्यायचा. आता खेळाडूंना मानधन मिळतं, बाहेरगावचे आणि परदेशातले, विशेषतः आफ्रिकेतले खेळाडू येऊन पेठेत खोली घेऊन राहतात. सामने मोबाईलवर थेट दिसतात, आखातात नोकरीला गेलेली पोरं तिथून बघतात आणि इथल्या आईला फोन करून सांगतात, "आई, मॅच बघ, आपलं पोरगं भारी खेळतंय." याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. भारताचा संघ फिफाच्या विश्वचषकात खेळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांमधून लाखो मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला, तोही अनेकींना आठवत असेल.

हा सगळा इतिहास पुरुष मंडळी तुम्हाला माझ्यापेक्षा छान सांगतील. पण त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. ती म्हणजे आपण!

तालमीची वर्गणी घराघरातून गोळा होते, तेव्हा ती डब्यातून काढून देणारा हात कुणाचा असतो? मॅचहून आलेली चिखलानं माखलेली जर्सी आणि मोजे भिजवून, घासून, दुसऱ्या दिवशी वाळवून कोण देतं? मुरगळलेल्या पायाला हळदीचा लेप, सकाळी उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे... ही व्यवस्था कुठल्या संघाच्या हिशेबवहीत लिहिलेली नसते. आमच्या शेजारच्या काकूंच्या माडीवर एके वर्षी दोन नायजेरियन खेळाडू भाड्यानं राहिले. पहिल्या आठवड्यात काकू त्यांना बिचकायच्या. महिन्याभरात ते दोघं दारातून "काकू, भाकरी!" म्हणून हाक मारायला लागले. हंगाम संपून ते निघाले, तेव्हा काकूंनी त्यांच्या आयांसाठी खणाचे ब्लाऊजपीस बांधून दिले. सांगा बघू, या संघात काकू होत्या की नव्हत्या?

आपण या खेळात आहोत, हे एकदा मान्य केलं, की मग दोन गोष्टींवर बोलायचा आपल्याला हक्क मिळतो. आज मला त्याच दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

पहिली गोष्ट कडू आहे. ईर्ष्या ही आमच्या फुटबॉलची जान आहे. पण ती हाताबाहेर गेली की मैदानाचं रणांगण होतं. शिवीगाळ, बाटल्या, दगड, मग पोलिसांच्या काठ्या. हे वरचेवर घडलं आहे आणि त्यामुळे सामने थांबलेत, खेळाडूंवर कारवाई झाली आहे. याची खरी किंमत कोण मोजतं, ते मी जवळून पाहिलं. आमच्या भागातला एक मुलगा पोलिस भरतीसाठी पहाटे चारला उठून धावायचा. घरात वडील नाहीत, आई शिवणकाम करते. एका सामन्यानंतर दोन गटांत दगडफेक झाली. हा त्या घोळक्यात होता. त्यानं दगड मारला की नाही, देव जाणे! पण गुन्ह्यात नाव आलं. भरतीत चारित्र्य पडताळणी असते, पासपोर्टला असते, बऱ्याच कंपन्याही हल्ली मागतात. प्रकरण निकाली निघेपर्यंत वयाची अट जवळ येऊन ठेपली. त्या माउलीनं कोर्टाच्या किती तारखा मोजल्या, हे तिचं तिलाच ठाऊक. ज्या संघासाठी हे झालं, तो संघ पुढच्या रविवारी पुन्हा खेळला. जीत-हार विसरली गेली. तारीख मात्र राहिली.

आमच्या बचत गटात यावर बोलणं निघालं. नुसतं हळहळून काय उपयोग? आम्ही अकरा जणींनी ठरवलं, की मोठी मॅच असेल तेव्हा आपण जाऊन बसायचं. घरातून कुरकुर झाली, "तुम्हाला काय कळतंय तिथलं?" आम्ही गेलो. शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, डोक्याला रुमाल. पहिल्या दिवशी आमच्या मागच्या ओळीत अर्वाच्य शिव्या चालू होत्या. आमच्यातल्या एका ज्येष्ठ मावशींनी नुसतं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला ओळखते मी, सांगू का घरी जाऊन?" पोरगं गप्प! त्यानंतर आम्ही दिसलो की आपसांत कुजबुज व्हायची, "ए, मावश्या बसल्यात." बायका बसल्या म्हणून जगातली सगळी भांडणं मिटतात, असला भाबडा दावा मी करणार नाही. पण आजूबाजूच्या चार ओळींची भाषा बदलते, हे आम्ही अनुभवलं. आणि खरं सांगू? आम्हालाही मजा आली. किती वर्षांनी आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो होतो!

बायका मैदानावर का जात नाहीत, तेही तेव्हाच कळलं. आवड नसते असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह जवळपास नसतं. तीन तास पाणी न पिता बसायचं, असं ठरवूनच बाई घराबाहेर पडते. ही मागणी छोटी वाटते, पण ती पूर्ण झाली तर प्रेक्षकांत निम्म्या जागा आपोआप भरतील.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त जिवाची आहे. आपल्या लेकींची.

मी महिलांसाठी छोटंमोठं काम करते, त्या निमित्तानं शाळांतून जाते. सातवी-आठवीतल्या मुली फुटबॉल खेळताना दिसतात आणि काय खेळतात म्हणून सांगू! शालेय स्पर्धांमध्ये मुलींचे गट आहेत. २०१६-१७ पासून देशात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि २०१८-१९ च्या हंगामात 'एफसी कोल्हापूर सिटी' या नावानं आमच्या शहराचा मुलींचा संघ लुधियानात जाऊन ती लीग खेळला. २०२२ साली आशियाई महिला चषकाचे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले. म्हणजे दार उघडलेलं आहे. मग दहावीच्या आसपास या मुली जातात कुठे?

मी आयांना विचारलं. "अभ्यास आहे," "रंग काळवंडतो," "हाफ पँट घालून खेळायचं वय राहिलं का आता?" "पाय मोडला तर लग्न कोण करणार?" अशी उत्तरं आली. पण थोडं खोलात गेलं, की खरं कारण समोर येतं. खेळायचं कुठं? संध्याकाळी पाच ते सात मैदान मोठ्या मुलांनी भरलेलं असतं. मुली एका कोपऱ्यात उभ्या राहतात. चेंडू आला की बाजूला व्हायचं, टोमणा आला की मान खाली घालायची. चार दिवस येतात, पाचव्या दिवशी येत नाहीत. मुलींना खेळायला कुणाचीच बंदी नाही हो, फक्त मैदान नाही!

यावरून एक खरी गोष्ट सांगते. फुटबॉलचं माहेर इंग्लंड. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी फुटबॉलचे संघ काढले. प्रेस्टन गावातल्या 'डिक, केर' कारखान्याच्या मुलींचा संघ तर इतका गाजला, की १९२० च्या २६ डिसेंबरला लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेनं फतवा काढला. तो कसा होता बघा. बायकांनी खेळू नये, असा कायदा त्यांना करता येत नव्हता. म्हणून आपल्या क्लबांना सांगितलं, की बायकांच्या सामन्यांना तुमची मैदानं द्यायची नाहीत. बस्स, एवढंच! आणि तेवढ्यानं तो खेळ जवळजवळ पन्नास वर्षं मागे पडला. बंदी उठली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. आणि २०२२ साली त्याच देशाच्या मुली लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपच्या विजेत्या झाल्या, तेव्हा समोर ८७ हजारांवर प्रेक्षक होते. मधल्या पन्नास वर्षांत ज्यांचं खेळायचं वय निघून गेलं, त्यांना कुणी काय परत द्यायचं?

तिथं फतवा काढावा लागला. आपल्याकडे त्याचीही गरज पडत नाही. संध्याकाळचे दोन तास कुणाचे, हे न बोलताच ठरलेलं असतं.

आमच्या गटानं हेच धरून बसायचं ठरवलं. एका तालमीच्या जाणत्या मंडळींना भेटलो. भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं, "आठवड्यातून तीन दिवस, पाच ते सहा, मैदानाचा अर्धा भाग मुलींना द्या." आधी हसणं झालं. मग "पोरांची प्रॅक्टिस बुडते" झालं. मग एक आजोबा, जे तरुणपणी गोलकीपर होते, ते म्हणाले, "आमच्या वेळी आम्हाला कुणीतरी जागा दिली, म्हणून आम्ही खेळलो. द्या की एक तास, मैदान झिजतंय व्हय?" तेवढ्यावर विषय मिटला.

पहिल्या दिवशी चौदा मुली आल्या. आम्ही आया पाळीपाळीनं कट्ट्यावर बसायचो. कुणी मेथी निवडत, कुणी स्वेटर विणत. बसण्याचा उपयोग असा, की टोमणे बंद झाले. ट्रॅक पँट घालून खेळायचं की हाफ पँट, हे आम्ही मुलींवर सोडलं, खेळ महत्त्वाचा. तालमीच्या मागच्या खोलीत एक कपाट ठेवलं, त्यात जादा मोजे, बँडेज आणि सॅनिटरी पॅड. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, हे ज्या त्या मुलीनं ठरवायचं. आमच्या लक्षात आलं, की निम्म्या मुली धावताना लवकर दमतात. डॉक्टरांना दाखवलं तर अंगात रक्त कमी. मग प्रत्येक आई आठवड्यातून एकदा शेंगदाणा-गुळाचे नाहीतर राजगिऱ्याचे लाडू पाठवायला लागली. मुलाच्या डब्यात अंडं असतं आणि मुलीच्या डब्यात नसतं, हेही त्या निमित्तानं उघड झालं. बोलता बोलता काही घरांत बदललं.

सगळं गोडगोड झालं असं नाही. चौदातल्या पाच जणी वर्षभरात सुटल्या. एकीचं कुटुंब गाव सोडून गेलं, दोघींची शिकवणी आड आली, एकीला भावानं थांबवलं आणि एकीचं चक्क लग्न ठरलं. ते तेवढं आम्ही थांबवलं, कारण ती अठराची नव्हती. बाकीच्या नऊ जणी टिकल्या. त्यातली एक अकरावीत गेली आहे आणि आता लहान मुलींना शिकवते. तिची आई धुणीभांडी करते. ती परवा म्हणाली, "ताई, पोरगी खेळायला लागल्यापासून मान वर करून चालती बघा."

खेळाचे व्यवहारातले फायदेही आयांना सांगायला हवेत. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलामुलींना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवावं लागतं. शाळेत मिळालेला तो कागद ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवा. पण हरवू देऊ नका. मात्र गुणांसाठीच खेळा, असं माझं म्हणणं नाही. पडून पुन्हा उठायची, हरलं तरी समोरच्याशी हात मिळवायची सवय ज्या वयात लागते, त्या वयात ती मुलींनाही लागावी, एवढंच.

तुमच्या गावात फुटबॉल नसेल. आमच्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लजला आहे, तिथं दिवाळीत मोठी स्पर्धा भरते. तुमच्याकडे कबड्डी असेल, खो-खो असेल, व्हॉलीबॉल असेल. खेळ कुठलाही असो, तो वाढतो कसा हे आमच्या पेठांनी दाखवून दिलं आहे. मोठे पैसे लागतात ते नंतर. आधी लागते गावातली एक मोकळी जागा, रोजची ठरलेली वेळ आणि काठावर उभं राहून "शाब्बास!" म्हणणारी चार माणसं. मुलांना या तीनही गोष्टी तीन-चार पिढ्या मिळाल्या, म्हणून त्यांची लीग उभी राहिली. त्यांच्यापासून काही काढून घ्यायचं नाही. फक्त मुलींना तेवढंच मोजून द्यायचं.

आणि मैत्रिणींनो, या तीन गोष्टींपैकी तिसरी तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे. येत्या आठवड्यात आपल्या गावच्या मैदानावर संध्याकाळी एक चक्कर मारा. तिथं किती मुलगे आहेत आणि किती मुली, ते मोजा. मुलींचा आकडा शून्य आला, तर कुणाला दोष देत बसू नका. मेथीची जुडी घ्या, शेजारणीला सोबत घ्या आणि कट्ट्यावर जाऊन बसा. बाकीचं हळूहळू होतं.